सीप्झच्या आतलं चर्च: भुताची नाही, माणसांची गोष्ट

लोकलमध्ये लटकत असाल, मेट्रोत बसायला जागा मिळाली असेल किंवा झोपायच्या आधी कानात इयरफोन घालून पडला असाल, आजची गोष्ट तुमच्यासाठी आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोलताना मी जिथे जिथे "म्हणजे काय की" म्हटलंय तेवढं काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आज सुरुवात एका कबुलीने करतो.

बीटेक झाल्यावर मुंबईत आलो आणि पहिली नोकरी लागली ती अंधेरी पूर्वेला, सीप्झमध्ये. ज्यांनी सीप्झ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते कंपाउंडच्या आत वसलेलं एक छोटं शहरच आहे. गेटवर पास दाखवायचा, बॅग तपासून घ्यायची आणि मग आत. आत सॉफ्टवेअर कंपन्या, हिऱ्यांचे आणि दागिन्यांचे कारखाने, कॅन्टीन, बस, ट्रक.

दुसऱ्याच आठवड्यात रिलीज होतं. रात्री उशिरा चहा प्यायला बाहेर पडलो, तर झाडीच्या आडून एक मोठी काळी भिंत दिसली. कमानी होत्या, वर छप्पर नव्हतं, दगडांमधून झाडं उगवलेली. बरोबरच्या सीनिअरला विचारलं, तर तो म्हणाला, "अरे, ते जुनं चर्च. तिकडे फिरकू नकोस, हाँटेड आहे." झालं. मी मोबाइल काढला, बारा सेकंदांचा व्हिडिओ घेतला, त्यावर भीतीदायक म्युझिक चढवलं आणि टीमच्या ग्रुपवर सोडला. हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला.

एकीने मात्र काहीच टाकलं नाही. ती मरोळची, ईस्ट इंडियन. दुसऱ्या दिवशी जेवताना ती शांतपणे म्हणाली, "ते आमचं चर्च आहे. गावात साथ आली, माणसं मरायला लागली, म्हणून आमची लोकं तिथून निघाली. तू त्यावर भुताचं म्युझिक लावलंस."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हिडिओ डिलीट केला, "सॉरी" म्हटलं. पण नुसतं सॉरी म्हणून भागलं नाही. ज्या आवारात मी दिवसाचे दहा तास काढत होतो, तिथे चारशेहून जास्त वर्षं जुनी वास्तू उभी होती आणि मला तिच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की ती "हाँटेड" आहे. आजचा एपिसोड म्हणजे तेव्हा न दिलेलं उत्तर.

आधी जागा समजून घेऊ

आज आपण ज्याला मुंबईची उपनगरं म्हणतो तो सगळा भाग मूळ मुंबई नव्हे. मुंबईची सात बेटं वेगळी. वांद्रे-कुर्ल्यापासून वर ठाणे-घोडबंदरपर्यंत पसरलेलं मोठं बेट वेगळं. त्याचं नाव साष्टी. सहासष्ट गावं, म्हणून साष्टी. पोर्तुगीजांच्या तोंडात त्याचं झालं साल्सेट. गोव्यातही एक साष्टी आहे. दोन्हींची गल्लत करू नका, आपण मुंबईच्या साष्टीबद्दल बोलतोय.

या साष्टीतलं एक गाव म्हणजे कोंडिविटे. हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत असेल, कारण महाकाली लेण्यांचं दुसरं नाव कोंडिविटे लेणी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनी तिथल्या खडकात कोरकाम सुरू केलं आणि पुढची काही शतकं ते चालू राहिलं. म्हणजे हा परिसर "आयटी आल्यावर डेव्हलप झाला" असं जे आपण सहज म्हणतो ना, ते विसरा. इथे माणसं फार आधीपासून राहत होती. भाताची शेतं, विहिरी, ताडाची झाडं आणि मधूनमधून वस्त्या. आमच्या ऑफिसची इमारत जिथे आहे तिथेही कधीकाळी कुणाचं तरी भाताचं खाचर असणार.

१५७९

आता पोर्तुगीज इथे आले कसे? गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या स्वारीमुळे अडचणीत आला होता. पोर्तुगीजांची मदत मिळावी म्हणून त्याने १५३४ मध्ये तह केला आणि वसई, साष्टी, मुंबई हा सगळा पट्टा त्यांना देऊन टाकला. सत्तेबरोबर धर्मप्रसारक आले. आधी फ्रान्सिस्कन, मग जेझुइट. जेझुइट हा पंथ तेव्हा अगदी नवा होता, १५४० मध्ये त्याला पोपची मान्यता मिळाली होती. त्यांनी साष्टीत एकेक चर्च उभं करायला सुरुवात केली. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज चर्च १५७५ चं. त्यानंतर चारच वर्षांनी, १५७९ मध्ये, कोंडिविट्याचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. मराठीत सांगायचं तर बाप्तिस्मा देणारा संत योहान, ज्याने येशूला यार्देन नदीच्या पाण्यात बाप्तिस्मा दिला तो. त्याचा सण असतो २४ जूनला, नाताळच्या साधारण सहा महिने आधी. आपल्याकडे तेव्हा पाऊस नुकताच लागलेला असतो.

१५७९ हे साल मराठीच्या दृष्टीने आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. मराठी शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं मराठी ओव्यांमधलं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. म्हणजे त्या काळात इकडे दगडाचं चर्च उभं राहत होतं आणि तिकडे एक परका माणूस आपल्या भाषेत ओव्या रचायची तयारी करत होता.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असणार, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. हे धर्मांतर जबरदस्तीने झालं का? पोर्तुगीज राज्यात धर्म आणि सत्ता हातात हात घालून चालत होते. देवळं पाडली गेली. आजच्या बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात, म्हणजे शिवाच्या लेण्यात, चर्च केलं गेलं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. कुठे दबाव होता, कुठे जमिनीचं आणि संरक्षणाचं आमिष होतं, कुठे मनापासूनची श्रद्धाही होती. हे सगळं एकाच वेळी खरं आहे.

पण माझ्या मैत्रिणीने जे म्हटलं, "ते आमचं चर्च आहे", ते या सगळ्यानंतरही खरंच राहतं. कारण चर्चची सुरुवात कुणी केली हा एक प्रश्न आणि ते अडीचशे वर्षं कुणी चालवलं हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे इथलेच शेतकरी, कोळी आणि भंडारी. आडनावं पोर्तुगीज झाली, बोलणं मराठीच राहिलं.

आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. पाव, बटाटा, चावी, पाद्री, नाताळ हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजमधून आले. महिन्याच्या शेवटी आपण ज्याची वाट बघतो तो पगारसुद्धा!

धर्मग्राम म्हणजे नक्की काय?

हे चर्च पॅरिश चर्च होतं. वसईकडचे ख्रिस्ती लोक पॅरिशला एक सुंदर मराठी शब्द वापरतात: धर्मग्राम. एका धर्मगुरूच्या देखरेखीखाली असलेला ठरावीक भाग, त्यातली गावं, त्यातली घरं आणि माणसं. त्या सगळ्यांचं मिळून एक चर्च.

कॅथेड्रल म्हणजे बिशपचं चर्च. मठाचं चर्च मठवासीयांचं. धर्मग्रामाचं चर्च मात्र साध्या माणसाचं. तिथे तुमचा बाप्तिस्मा होतो, तिथेच लग्न लागतं आणि तिथेच शेवटचा निरोप. रविवारी मिस्सा ऐकायला सगळं गाव जमतं आणि मिस्सेनंतर बाहेर उभं राहून पिकापाण्याच्या, सोयरिकीच्या आणि भांडणांच्या गोष्टी होतात. घंटा वाजली की कोणती वेळ झाली ते कळतं. अवेळी वाजली की काहीतरी घडलंय ते कळतं. घड्याळ, नोटिफिकेशन आणि व्हॉट्सॲप ग्रुप, सगळं एकाच ठिकाणी.

धर्मग्रामाच्या चर्चमध्ये दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या. पहिली म्हणजे बाप्तिस्म्याचं कुंड. दगडाचं मोठं पात्र. पुष्कळ जुन्या चर्चमध्ये ते दाराजवळच असतं. त्यामागे अर्थ आहे: बाप्तिस्मा घेऊनच माणूस ख्रिस्तसभेत प्रवेश करतो, म्हणून कुंडही प्रवेशापाशी. आणि आपलं हे चर्च तर बाप्तिस्मा देणाऱ्या संताच्याच नावाचं. तिथल्या कुंडाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. हे कुंड लक्षात ठेवा, गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वह्या. युरोपात ट्रेंट या गावी कॅथलिक चर्चची मोठी परिषद भरली होती. १५६३ मध्ये तिने ठरवलं की प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूने लग्नांची नोंद लेखी ठेवायची आणि बाप्तिस्म्याचीही. कोण, कुणाचं मूल, साक्षीला कोण, कुठल्या तारखेला. आपल्या भाषेत हा त्या गावाचा डेटाबेस. ज्या काळात राजा-सरदारांशिवाय कुणाचं नाव कागदावर येत नव्हतं, त्या काळात शेतात राबणाऱ्या बाईच्या मुलीचं नाव तारखेनिशी लिहिण्याची ही पद्धत होती. कोंडिविट्याचं चर्च बांधलं गेलं तेव्हा हा नियम होऊन सोळाच वर्षं झाली होती.

भिंती काय सांगतात

त्या काळची साष्टी-वसईकडची चर्च बघितली की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. नकाशा युरोपातला, पण माल इथला. आराखड्यात एक लांब सभागृह, त्याच्या टोकाला कमान आणि कमानीपलीकडे वेदी. सगळ्यांची नजर आपोआप वेदीकडे जावी अशी रचना. समोरची दर्शनी भिंत उंच, म्हणजे शेतातून येणाऱ्या माणसाला लांबूनच दिसावी. दगड मात्र आपल्या डोंगरातला काळा, चुना इथे भाजलेला, आणि हात इथल्या गवंड्यांचे.

भिंती जाड का? एक तर जाड भिंत आतला भाग थंड ठेवते. दुसरं म्हणजे वरच्या छपराचा भार तिने पेलायचा असतो. अशा चर्चमध्ये सभागृहावर सहसा लाकडी वासे आणि कौलं असत. इथेच या वास्तूच्या मरणाचं कारणही दडलंय.

मुंबईत दरवर्षी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कौलारू छपराची दरवर्षी डागडुजी लागते. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पावसाळ्याआधी घर शाकारणं हे काम ठरलेलंच. ते बंद झालं की आधी कौलं सरकतात, पाणी आत येतं, वासे कुजतात आणि एक दिवस छप्पर खाली येतं. छप्पर गेलं की भिंतीच्या माथ्यावर थेट पाऊस. सांध्यांमधला चुना हळूहळू धुपतो. मग पक्षी पिंपळाचं, वडाचं बी आणून टाकतात. त्या फटीत मूळ शिरतं, जाड होतं आणि दगडाला दगडापासून अलग करतं.

मी त्या रात्री शूट केलेली "भयानक" झाडं म्हणजे एवढंच होतं. कुणी शाकारायला उरलं नाही, हे सांगणारी झाडं.

तीन सत्ता, एक घंटा

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. ही मोहीम आपण शाळेत शिकतो, आणि ती आपल्याला किल्ल्यापाशीच संपते असं वाटतं. साष्टीतल्या गावांसाठी ती तिथे सुरू झाली. पोर्तुगीज अधिकारी गेले. युरोपीय धर्मगुरू गेले. मग चर्च बंद पडली का? सगळी नाही पडली. वसईच्या शरणागतीच्या अटींमध्ये मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मोकळीक होती. पोर्तुगीज पाद्र्यांच्या जागी इथले आणि गोव्याचे धर्मगुरू आले.

इथेच मला वाटतं खरा निकाल लागला. हे चर्च जर फक्त पोर्तुगीज सत्तेच्या जोरावर उभं असतं, तर सत्ता गेल्यावर लोकांनी पाठ फिरवली असती. तशी फिरवली नाही. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. पोर्तुगीज, मराठे, इंग्रज. सारा वसूल करणारा बदलला, शिक्के बदलले. कोंडिविट्यातली माणसं आपल्या मुलांना त्याच कुंडापाशी नेत राहिली.

१५७९ ते १८४०. हिशेब करा, २६१ वर्षं. एका पिढीला पंचवीस वर्षं धरली तर दहा पिढ्या.

१८४०

आणि मग साथ आली.

आज साथ म्हटलं की आपल्याला २०२० आठवतं. पण तेव्हा आपल्याला निदान शत्रूचं नाव माहीत होतं. टेस्ट होती, मास्क होते, पुढे लस आली. १८४० मध्ये जंतूंमुळे रोग होतात ही कल्पना रूढ झालेली नव्हती. दूषित पाण्यातून कॉलरा पसरतो हे लंडनमध्ये जॉन स्नोने एका हापशाच्या परिसरातले मृत्यू मोजून दाखवलं ते १८५४ मध्ये. डास मलेरिया पसरवतात हे रोनाल्ड रॉस यांनी सिद्ध केलं ते १८९७ मध्ये. त्याच वर्षी हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. कोंडिविट्याच्या माणसाला यातलं काहीच मिळणार नव्हतं. हवा बिघडली, जागा बिघडली, एवढंच त्याला कळत होतं. मग उपाय एकच, जागा सोडायची.

घर सोडणं अवघड असतंच, पण निदान घर एका कुटुंबाचं असतं. चर्च सोडणं म्हणजे जिथे आईवडिलांचं लग्न लागलं, जिथे आजोबांना निरोप दिला, ती जागा सगळ्यांनी मिळून सोडणं.

गाव मरोळकडे सरकलं. तिथे नवं चर्च उभं राहिलं. आता ऐका, जाताना त्यांनी काय नेलं. संतांच्या मूर्ती नेल्या. आणि बाप्तिस्म्याचं कुंड नेलं.

मैत्रिणीकडून हे ऐकलं तेव्हा मी जरा थांबलोच. दगडाचं कुंड ही काही पिशवीत घालून नेण्याची वस्तू नाही. साथीने धास्तावलेल्या, घरातली माणसं गमावलेल्या लोकांनी ते जड पात्र उचलून न्यायचं ठरवलं. नवं घडवता आलं असतं की! दगड आणि पाथरवट दोन्ही साष्टीत होते. पण ज्या कुंडात आपला, आपल्या बापाचा, त्याच्या बापाचा बाप्तिस्मा झाला, त्यातच आपल्या मुलाचाही व्हावा असं त्यांना वाटलं असणार. आम्ही इंजिनीअर लोक एखादी सिस्टीम हलवताना विचारतो की काय मागे टाकलं तर चालेल आणि काय नेल्याशिवाय चालणारच नाही. कोंडिविट्याच्या लोकांनी त्याचं उत्तर दिलं: भिंती राहू देत, कुंड न्या.

नव्या चर्चचं नाव मात्र वेगळं आहे. कोंडिविट्याचा संत योहान बाप्तिस्मा देणारा, मरोळचा संत योहान शुभवर्तमान लिहिणारा, म्हणजे सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. त्याचा सण २७ डिसेंबरला, नाताळनंतर दोन दिवसांनी. म्हणजे धर्मग्रामाचा सण पावसाळ्यातून थंडीत गेला. संत बदलला, पण नाव योहानच राहिलं.

दुसऱ्यांदा हरवलेलं चर्च

पुढच्या काळात सगळंच पालटलं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. शहर वर वर सरकू लागलं. बाहेरून नोकरीसाठी गोवा-मंगळूरकडचे ख्रिस्ती मुंबईत येऊ लागले. तेव्हा इथल्या मूळ ख्रिस्ती लोकांना आपली वेगळी ओळख सांगावीशी वाटली आणि १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी स्वतःसाठी "ईस्ट इंडियन" हे नाव घेतलं. कंपनी सरकारच्या नावावरून. म्हणून हे नाव ऐकून पूर्व भारत डोक्यात आणू नका. ही माणसं साष्टी-वसई-मुंबईचीच. त्यांची बोली मराठी, बायकांचं पारंपरिक नेसणं लुगडं, आणि लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायचा त्यांचा विधी आहे, त्याला उंबराचं पाणी म्हणतात.

मग आली औद्योगिक वसाहत. मरोळ-अंधेरी भागातल्या जमिनींवर एमआयडीसी उभी राहिली आणि १९७३ मध्ये सीप्झ. सांताक्रुझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन. इथून माल परदेशी जाणार, त्यावर करसवलत मिळणार, म्हणून आत काय येतं आणि बाहेर काय जातं यावर कस्टमचं लक्ष हवं. म्हणून कुंपण, म्हणून गेट, म्हणून पास. आणि त्या कुंपणाच्या आत चर्च.

गंमत बघा. सीप्झ या नावातलं पहिलं अक्षर सांताक्रुझचं. सांता क्रुझ म्हणजे पोर्तुगीजमध्ये पवित्र क्रूस. पासावर रोज ते नाव घेऊन आम्ही आत जायचो आणि आतला खरा क्रूसवाला माणूस मात्र बाहेर.

पहिल्यांदा हे चर्च साथीमुळे सुटलं. दुसऱ्यांदा विकासामुळे. पहिल्या वेळी लोक स्वतःहून निघाले होते, परत येऊन बघू तरी शकत होते. दुसऱ्या वेळी वाटेवर फाटकच आलं. मला वाटतं भुताच्या गोष्टी अशाच जागी वाढतात. जिथली माणसं रोज ये-जा करतात तिथे भूत टिकत नाही, कारण कुणीतरी लगेच म्हणतं, "काहीतरी काय, मी कालच जाऊन आलो." इथे तसं म्हणणारी माणसं गेटबाहेर होती आणि आत होतो आम्ही. रात्री जागणारे आणि हातात मोबाइल असलेले.

वर्षातून एक दिवस

पण गोष्ट इथे संपत नाही. वर्षातून एकदा, मे महिन्यात, या पडक्या चर्चमध्ये मिस्सा होते. त्या दिवशी धर्मग्रामातल्या लोकांना आत सोडतात.

मी एकदा मैत्रिणीबरोबर गेलो होतो. घामाच्या धारा लागल्या होत्या. तिची आजी काठी टेकत, पण घाईने पुढे चालत होती. मी म्हटलं, "आजी, सावकाश, दगड आहेत." तर म्हणाल्या, "मला काय सांगतोस बाबा, तू इथला नवा."

छप्पर नसल्यामुळे वर नुसतं आभाळ. जिथे छप्पर होतं तिथून ऊन खाली येत होतं. धर्मगुरू प्रार्थना म्हणत होते, लोक उत्तर देत होते, आणि त्या जाड भिंतींमुळे आवाज आतल्या आत भरून राहत होता. मागच्या बाजूला आमच्या ऑफिसच्या काचा चमकत होत्या. त्याच काचांमागे बसून मी तो व्हिडिओ एडिट केला होता.

मिस्सा संपल्यावर लोक लगेच निघाले नाहीत. भिंतीला हात लावत फिरत होते. एक काका नातवाला वेदीची जागा दाखवत होते. आजी एका दगडावर बसल्या आणि बाकीच्या बायकांशी बोलू लागल्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचा मुलगा कॅनडाला गेला. म्हणजे मिस्सेनंतर बाहेर उभं राहून लोक जे बोलतात तेच. दोन-तीन तासांसाठी ते पुन्हा धर्मग्रामाचं चर्च झालं होतं.

मला तेव्हा कळलं की इमारत पडकी झाली म्हणून चर्च मेलेलं नसतं. इतकी वर्षं कुंड मरोळला आहे, मूर्ती मरोळला आहेत, माणसं तर आहेतच. पण म्हणून भिंतींचं काही होऊ दे, असंही नाही. मूळ भिंतीत शिरत राहणार आहे, पाऊस दरवर्षी येणार आहे. त्यांना जपायला फार मोठी जादू लागत नाही. आधी झाडं नीट काढायची, नुसती वरून छाटायची नाहीत. सांधे पुन्हा चुन्याने भरायचे, सिमेंटने नाही, कारण सिमेंट कडक असतं, आत शिरलेली ओल ते बाहेर पडू देत नाही आणि शेवटी दगडच फुटायला लागतो. भिंतीच्या माथ्यावर पाणी साचणार नाही असं करायचं. आणि जाणकाराच्या देखरेखीखाली हे दरवर्षी करत राहायचं. शाकारण्यासारखं.

त्याआधी लागते ती एक सोपी गोष्ट. तिथे रोज जाणाऱ्या हजारो लोकांना ती वास्तू काय आहे ते माहीत असणं. २०२४ मध्ये मेट्रो ३ सुरू झाली, सीप्झला आता स्टेशन आहे. तुमच्यातले कितीतरी जण रोज तिथे उतरत असतील. पुढच्या वेळी नवीन जॉइन झालेल्या कुणी विचारलं की "ते काय आहे रे?", तर "हाँटेड" म्हणू नका. म्हणा, कोंडिविट्याच्या लोकांचं चर्च आहे, १५७९ चं. साथ आली तेव्हा गाव मरोळला गेलं आणि जाताना बाप्तिस्म्याचं कुंड घेऊन गेलं. तीस सेकंदही लागत नाहीत सांगायला. माझा व्हिडिओ बारा सेकंदांचा होता, ही गोष्ट अठरा सेकंदांनी मोठी आहे एवढंच.

आजचा भाग इथे थांबवतो. तुमच्या ऑफिसच्या, कॉलेजच्या किंवा सोसायटीच्या आवारात असंच काही जुनं उभं असेल, विहीर, क्रूस, देऊळ, दर्गा, नुसती एक कमान, तर आधी तिथल्या एखाद्या आजीला गाठून विचारा. आणि काय कळलं ते आम्हाला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा आणि काळजी घ्या!